शिंप्यानं कापलेलं बालपण

सांगलीहून भंडारा जिल्ह्यात सहलीला कुणी जात नाही. लग्नाला जातात, बदली झाली तर तोंड पाडून जातात. मी पौष महिन्यात गेले ती एका सर्बियन लेखकाचं बालपण परत आणायला. गाडीत समोर बसलेल्या बाईंनी विचारलं म्हणून मी त्यांना हे खरं तेच सांगितलं, तर त्यांनी आपली पिशवी हळूच मांडीवर घेतली. तेव्हा आधी नीट सांगते.

माझा धाकटा भाऊ दिनकर तिशीच्या आत साकोलीकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला गेला. सानगडीत खोली घेऊन राहिला आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिला. लग्न केलं नाही. नागपूरच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, त्याला त्या सर्बियन लेखकाचं एक पुस्तक इंग्रजी भाषांतरात मिळालं. स्वप्नात गोष्टी जशा एकमेकींना चिकटतात तशा कवितेत चिकटवणारे जे अतिवास्तववादी लोक होते त्यांतला हा एक, आणि पुढं धाक वाटावा असा टीकाकार. दिनकर त्याच्यात अडकला तो कायमचा. दिवाळीला घरी आला की त्याच्या पिशवीतून फराळाच्या डब्याबरोबर त्या लेखकाचे कागद निघायचे. आमच्या घरात त्या लेखकाला ‘पाहुणा’ म्हणत.

दिनकरला पाहुण्याच्या कवितांपेक्षा त्याच्या लहानपणाचं वेड जास्त होतं. दोन नद्यांच्या संगमावरचं गाव, नोकरदार वडील, मग पहिलं महायुद्ध. माणसं घरं सोडून बर्फाच्या डोंगरांतून पायी निघाली त्यांत हा मुलगा होता. पुढं जहाजानं फ्रान्सला, तिथल्या शाळेत. भाषा येत नाही. दिनकर म्हणायचा, “अक्का, सहा महिने तो मुलगा काही न कळता वर्गात बसला. शब्दाचा अर्थ लागत नसला की त्याचा आकार दिसतो. हा टीकाकार त्या बाकावर तयार झालाय.”

गेल्या वैशाखात दिनकर गेला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याच्या दोन ट्रंका घेऊन मी त्याच दिवशी परत फिरले. वर्षश्राद्धाला पुस्तक छापून त्याच्या फोटोपुढं ठेवायचं मी ठरवलं. मी पस्तीस वर्षं ग्रंथालयात काम केलेली बाई आहे, कागद लावणं मला जमतं. आठातली सात प्रकरणं मी लावून टाइप करून घेतली. प्रत्येक वाक्याच्या समासात दिनकरनं बारीक आकडा घातलेला: हे कुठल्या पुस्तकात, कुठल्या पानावर. पण पहिलं प्रकरण, म्हणजे बालपण, नव्हतंच. ते त्यानं संवादात, नाटकासारखं लिहिल्याचं मला माहीत होतं. वहीत एवढीच नोंद मिळाली: ‘पहिलं प्रकरण नत्थू मास्तरांकडे दिलं. मंडईत होणार.’ एका ट्रंकेत कापलेल्या कागदाच्या काही पट्ट्याही होत्या. त्यांच्यावर एकेक तुटकं वाक्य होतं. त्या मी वाचनखुणा समजून पाकिटात घालून ठेवल्या होत्या.

पहिल्या प्रकरणाशिवाय पुस्तक छापलं तर तो मुलगा आकाशातून थेट फ्रान्समध्ये पडल्यासारखा दिसला असता. म्हणून मी निघाले. बॅग भरताना मुलानं विचारलं, “आई, तिथं आता आपलं कोण आहे?” त्यानं काळजीनंच विचारलं होतं. मी स्वेटर शोधत राहिले.

सानगडी

धान कापून झालेलं होतं. आमच्याकडं या दिवसांत ऊस डोक्यावर गेलेला असतो आणि रस्त्यावरून पलीकडचं काही दिसत नाही. इथं बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं, मोकळ्या पडलेल्या, खुंटं तेवढी उभी, आणि त्या खुंटांमधून लाखोरीची हिरवी वेल वर आलेली. एका पिकाच्या पायाशी दुसरं पेरून ठेवायची ही रीत मला फार आवडली. नांगरट नाही, काही नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर ती वाढते.

नत्थू मास्तर शिंपी आहेत. मला वाटत होतं ते शाळामास्तर असतील. बसस्टँडजवळ त्यांचं दुकान, पुढं शिलाईचं यंत्र, मागं लांब कापायचं टेबल, आणि भिंतीवर नाटकांची पोस्टरं. मी नाव सांगायच्या आतच ते उठले.

“तुमी सरांच्या अक्का. चेहरा पाह्यला की समजते. बसा. कायले उभ्या आहा?”

चहा आला. उकडलेले शिंगाडे आले. सानगडीच्या तलावातले ते, काळ्या सालीचे. सोलताना नखात काळं जातं आणि आतून अगदी दुधाळ निघतात. दोन शिंगाडे खाऊन मी विषयाला हात घातला. हस्तलिखित आपल्याकडं आहे का?

“आहे जी. म्हंजे, होतं.” मास्तरांनी कातर उचलून परत खाली ठेवली. “आता कसं सांगू तुमाले. मी ते कापलं.”

मी शिंगाडा खाली ठेवला.

झालं होतं ते असं. इकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. त्या दिवशी दुपारी दंडार होते, म्हणजे नाचगाण्यांचा खेळ, आणि नाटक होतं. नाटकातल्या प्रत्येकाला आपापल्या बोलण्याची नक्कल मिळते, म्हणजे तेवढाच भाग उतरवून दिलेला कागद. सगळं नाटक कुणाच्याच हातात नसतं. दिनकरनं मास्तरांना हस्तलिखित दिलं आणि नकला उतरवून घ्या म्हणाला. मंडई चार दिवसांवर आली होती. मास्तरांकडं लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग.

“लिहत बसलो असतो तं पोलकी राहिली असती,” मास्तर म्हणाले. “आनि सरांचं अक्षर पाह्यलं? मोत्यासारखं. मी म्हनलं, हेच कापून देऊ. बापाचं बापाले, मायचं मायले. कापनं हाताले बसलेलं आहे आपल्या.”

“आणि दिनकर काय म्हणाला?”

“सर?” मास्तर हसले. “सर तं खुर्चीवरून पडाले आले. म्हनले, मास्तर, त्या पाहुन्याच्या मंडळीचा हाच खेळ होता. एकानं कागदावर लिहावं, घडी मारावी, दुसऱ्यानं न पाहता पुढं लिहावं. म्हनले, तुमी तं विनापुस्तकाचं त्याईच्यात जाऊन बसले. एक दिवसही रागावले नाही.”

त्या खेळाबद्दल मी दिनकरकडून ऐकलेलं होतं. मला मात्र त्या टेबलासमोर बसून राग येत होता आणि तो मी गिळला. पस्तीस वर्षांत पुस्तकाचं एक पान दुमडणाऱ्यालाही मी सोडलेलं नाही.

मास्तरांनी पत्र्याच्या डब्यातून आपल्या पट्ट्या काढल्या. बापाची भूमिका त्यांचीच. सरळ, काटकोनात कापलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूची खूण. मी पर्समधलं पाकीट काढलं आणि माझ्या ‘वाचनखुणा’ टेबलावर ओतल्या. मास्तरांनी एक उचलली, आपल्या एका पट्टीच्या कडेला लावली. कातर जिथं जराशी वळली होती तिथं दोन्ही कडा एकमेकींत बसल्या. मग मला वाचता आलं.

‘बाबा: वर्तमानपत्र उलटं धरून काय वाचतोस?
मुलगा: तुम्ही समोर बसता ना. मी असंच वाचायला शिकलो.’

समासात आकडा होता. म्हणजे ही गोष्ट खरी, पाहुण्याची.

“मुलाचं काम कुणी केलं?” मी विचारलं.

“जो गडी घेतला होता त्याची पोलीस भरती निघाली मंडईच्याच दिवशी. मंग कोन? सर स्वतः.” मास्तरांनी तळहात गुडघ्याजवळ धरून दाखवला. “हाफपँट मीच शिवली. अर्धी रात्र नाही लागली, कमरेचं माप तं होतंच माझ्यापाशी.”

निवृत्त झालेला, टक्कल पडलेला माझा भाऊ हाफपँट घालून गावासमोर उभा राहिला होता आणि मला त्यानं फोनवर फक्त ‘मंडई छान झाली’ एवढं सांगितलं होतं.

चार जणांचं नाटक. बाप आणि मुलगा टेबलावर आले. फ्रेंच मास्तरचं काम दिघोरीच्या मोरेश्वरनं केलेलं, आईचं पवनीच्या एका बाईंनी. नक्कल ज्याची त्याच्याच घरी राहते, कारण पुढच्या मंडईला लागते.

“आनि एक सांगून ठेवतो,” नत्थू मास्तर म्हणाले. “एकदम आखरीची पट्टी पोराची. ती कोरी होती. माय काहीतरी विचारते, आनि खाली पोराचं नाव लिहून तीन बोटं कोरा कागद. मी म्हनलं, सर, हे फेकू काय? ते म्हनले, नाही, ते पोराचं बोलनं आहे. वेळेवर सुचन.”

“मग वेळेवर काय सुचलं?”

“मले आयकू नाही आलं जी. तेव्हा मी मेलो होतो नं.” त्यांनी अगदी सहज सांगितलं. “बाप बर्फात मरते. मंग मी वरून बर्फ टाकाले गेलो. सुपात कोंडा घेऊन पत्र्यावर चढलो, धानाचा कोंडा, उन्हात असा चमके. तो माह्याच नाकातोंडात गेला. मी शिंकत होतो आनि खाली टाळ्या वाजत होत्या. मायले विचारा. ते समोर होती.”

माझ्या पाकिटात कोरी पट्टी नव्हती. मी दोनदा बघितलं. दिनकरनं सात प्रकरणांत एकही जागा मोकळी सोडलेली नव्हती. जिथं पुरावा नाही तिथं ‘माहिती नाही’ असं लिहून ठेवलं होतं. त्यानं बालपणाच्या शेवटी तीन बोटं जागा का सोडली, आणि ती मंडईत कशानं भरली, हे कळल्याशिवाय मी परत जाणार नव्हते.

दिघोरी

दिघोरीला मी एक थांबा आधीच उतरले. शहाणपणा करून बांधावरून चालत निघाले आणि पाटाजवळच्या चिखलात माझी एक चप्पल राहिली. ती निघाली तेव्हा तिचा अंगठा वेगळा झाला होता. मोरेश्वरभाऊंच्या दारात मी एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी पोचले. त्यांच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, काही न विचारता पाय धुवायला पाणी दिलं आणि आपली जोडी पुढं सरकवली. “घाला. मले का लागते घरात.” ती जोडी अजून माझ्याकडं आहे. मी परत देत होते, त्या ऐकेनात.

मोरेश्वरभाऊ म्हणजे धानाचा शेतकरी, खांदे रुंद, आवाज त्याहून रुंद. त्यांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात सातबारा, मुलीचं जातीचं सर्टिफिकेट, बँकेचं पासबुक आणि फ्रेंच मास्तरची नक्कल.

“महत्त्वाचे कागद एका जागी पाह्यजे,” ते म्हणाले.

“मला या पट्ट्या हव्यात. पुस्तकासाठी.”

“घ्या नं. पन आधी आयका. विनाआयकल्याचं कसं नेता?”

तलावाच्या पाळीवर गेलो. पाळ चांगली रुंद, वर आंब्याची आणि मोहाची झाडं, एका बाजूला पाणी, दुसरीकडं खाली बांध्या. आमच्याकडं पाणी नदीचं, ते वाहून जातं. इथं ते गावानं अडवून धरलेलं आणि सगळं गाव त्याच्याभोवती बसल्यासारखं. मोरेश्वरभाऊंनी तुरीची काडी मोडून छडी केली, उपरणं गळ्यात टायसारखं बांधलं, आणि गरजले, “हे काय आहे?”

पाण्यातली म्हैस मान वळवून बघायला लागली.

“भाऊ, तुम्ही कुणाशी बोलताय ते मला समजत नाही.”

“पोराशी. पोराचं तुमच्यापाशी आहे म्हनले नं मास्तर? मंग बोला.”

मी आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही. पाकीट उघडलं. त्या पट्ट्यांवर ‘बर्फ’, ‘घर’, ‘माहीत नाही’ असे एकेक शब्द होते, ज्यांचा सांगलीत मला काहीच अर्थ लागला नव्हता.

मोरेश्वरभाऊंनी मातीचं पांढरं ढेकूळ उचललं. “हे काय आहे?”

“बर्फ,” मी वाचलं.

“खडू. हा खडू आहे. आनि हे काय?” त्यांनी समोर बोट दाखवलं. तिथं नाटकात फळा असणार.

“रात्र.”

“फळा. आनि हे?” आता छडी माझ्याकडं.

“वाट चुकलेलं झाड.”

“ही छडी आहे, गाढवा, आनि तू चुकीचं शिकून आला आहे!”

पुढची पट्टी मुलाची, जराशी लांब. मी वाचली: “मी चुकलो नाही सर. मला तुमचे शब्द माहीत नाहीत, म्हणून मी बघून सांगतोय.”

मोरेश्वरभाऊंनी छडी खाली केली. “इथं माह्यापाशी बोलनं नाही,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. “सर म्हनत, इथं तू चूप राह्य आनि पोराकडं पाह्य. तुले पह्यल्यांदा समजते की हे पोरगं ढ नाही.” मग म्हणाले, “मी सातवीत शाळा सोडली. मले असा मास्तर भेटला नाही. म्हनून मले हे काम आवडे.”

दिनकरनं वीस वर्षं जे मला समजावून सांगितलं होतं, ते त्या पाळीवर एका म्हशीच्या साक्षीनं मला कळलं.

दुपारी जेवायला नव्या चिन्नोर तांदळाचा भात होता. शिजतानाच त्याचा वास अंगणापर्यंत आला होता. बरोबर लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण आणि मिरचीचा ठेचा. मी सवयीनं पोळीची वाट बघत थांबले. निर्मलाबाई म्हणाल्या, “भाताआधी काय पाह्यजे बाई? भातच आहे.” आमच्याकडं भात शेवटी, ताकापुरता. इथं पहिला घास भाताचा, शेवटचाही भाताचा, आणि मधला तर भाताचाच. दिनकरच्या पहिल्या पत्रात एवढंच होतं: सुखरूप पोचलो, भात फार चांगला मिळतो. मला तेव्हा ते पत्र कोरडं वाटलं होतं.

पट्ट्या द्यायला मोरेश्वरभाऊंची एकच अट होती. पुढच्या मंडईसाठी त्यांना नक्कल पाहिजे. मी ओसरीवर बसून सगळा फ्रेंच मास्तर वळणदार अक्षरात उतरवून दिला. त्यांनी एकेक ओळ मूळ पट्टीशी ताडून बघितली, एक काना राहिलेला दाखवला, आणि म्हणाले, “अक्षर चांगलं आहे. सराएवढं नाही.” मग ती नक्कल सातबाऱ्याशेजारी ठेवली.

पवनी

दोन गाड्या बदलून पवनीला पोचले. जुन्या दरवाजातून आत गेलं की गल्ल्या वैनगंगेकडं उतरतात. शेतात नांगर लागला तरी जुन्या काळची वीट निघते असं ऐकलं, आणि एका घराच्या पायरीला तशी रुंद वीट लावलेली बघितलीही. नदी मोठी, शांत, थंडीनं निळी. कृष्णेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला कुठल्याही नदीचा घाट दिसला की आधी पायऱ्या मोजाव्याशा वाटतात. मी मोजल्या नाहीत. मला ती आई गाठायची होती.

तिचं नाव पुस्तकला. या भागात हे नाव बरंच असतं म्हणे, पण आयुष्य पुस्तकांत घालवलेल्या मला ते ऐकून बरं वाटलं. पन्नाशीची, ठसठशीत, बांगड्यांच्या दुकानात गादीवर मांडी घालून बसलेली. वीस वर्षं नाटकांत कामं केली, आता फक्त मंडईत करते. मी ओळख सांगताच तिनं माझा हात धरला आणि मनगट दाबून माप बघितलं.

“बाई, मी बांगड्या घ्यायला नाही आले.”

“मले माह्यीत आहे. मास्तरांचा फोन आला होता. पन हात मोकळा ठेवून दुकानात बसू नाही. गिऱ्हाईक समजते भाव पटला नाही.” तिनं दोन काचेच्या, साध्या, करड्या बांगड्या चढवायला घेतल्या. “बोटं ढिली सोडा. काय पाह्यजे तुमाले, मायची नक्कल?”

“हो. आणि शेवटी मुलगा काय बोलला ते.”

“क्रमानं आयका.”

माझा हात हातात ठेवूनच तिनं आईचं काम म्हणायला सुरुवात केली. कागद तिला लागत नव्हता. बंदरावर आई मुलाला जहाजात बसवून देते तो प्रवेश, दिनकरनं शाळेच्याही नंतर, अगदी शेवटी ठेवलेला. आवाज एकदम बदलला. या भागातली झाडीची बोली गेली आणि तिच्या तोंडून स्वच्छ, कृष्णाकाठची मराठी यायला लागली.

“भाकरी आधी खा. वड्या टिकतात, त्या नंतर. पैसे एका खिशात ठेवू नकोस. आणि वळकटीची दोरी तेवढी परत आण, मला वाळत घालायला लागते.”

माझी बोटं ढिली राहिली नसावीत, कारण तिनं थांबून मनगटावर थाप मारली.

दिनकर सांगलीहून निघाला तेव्हा त्याची वळकटी मी बांधली होती. दोरी सापडेना म्हणून मागल्या अंगणातली, धुणं वाळत घालायची सोडून आणली. आई आम्ही लहान असतानाच गेली होती. तो सात वर्षांचा असल्यापासून त्याचं सगळं मीच केलेलं. तो लांब चालला होता आणि मला बोलायला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून स्टँडवर दोरीचं बोलले. पुढच्या दिवाळीला त्यानं नवी नायलॉनची दोरी आणून दिली.

“जहाजावर चढनाऱ्या लेकराले माय म्हनते, दोरी परत आन,” पुस्तकलाबाई आपल्या आवाजात आल्या. “बायका पह्यले हसल्या. मंग पदर लागले डोळ्याले. मी सरांले म्हनलं होतं, हे कायले लिहलं, कापून टाका. ते म्हनले, नाही, हेच खरं आहे.”

“पट्ट्या दाखवता?”

तिनं गादीखालून वही काढली. पट्ट्या पिठाच्या खळीनं चिकटवलेल्या. मी चष्मा लावला आणि समास बघितले. बापाच्या बोलण्याला आकडे होते, फ्रेंच मास्तरच्या होते. आईच्या एकाही वाक्यापुढं आकडा नव्हता. मग आठवलं, दिनकर एकदा म्हणाला होता की पाहुण्यानं सगळ्यांवर लिहिलंय, आईवर मात्र जवळजवळ काहीच नाही. ती जागा भरायला दिनकरनं मला नेलं होतं. ग्रंथपाल म्हणून हे मला चालण्यासारखं नव्हतं. एकाच्या चरित्रात दुसऱ्याच्या घरातलं माणूस. पण मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि त्या आईला तिथून उठवायची हिंमत मला झाली नाही.

आईची शेवटची पट्टी मी वाचायच्या आधीच मला माहीत होती.

‘आई: तिकडं तुझं कोण आहे?’

हे मी गाडी सुटताना विचारलं होतं. काळजीनं नाही, रागानं. दिनकर खिडकीत होता. तो काहीच बोलला नाही आणि गाडी हलली. तीसहून जास्त वर्षांत त्यानं उत्तर दिलं नाही, मीही पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक दिवाळीला तो चार दिवसांनी परत निघायचा तेव्हा ते आमच्यामध्ये असायचं.

“मंग त्याईनं काय केलं सांगू?” पुस्तकलाबाईंनी दुसरी बांगडी सारून मनगटावर नीट बसवली. “मी इचारलं. ते चूप. मास्तर वरून कोंडा टाकून राहिले, सरांच्या टकलावर पांढरा थर. मी पुन्हा इचारलं. चूप. मले वाटलं विसरले. मी हळूच म्हनलं, सर, बोला कायतरी. त्याईनं माह्याकडं पाह्यलं, आनि अशे वळले, लोकाईकडं.” तिनं बसल्या बसल्या हात उघडून गल्ली दाखवली. “आनि बोलले. मायचं काम होतं माझं, पन मले अक्का म्हनले. लोकाईले वाटलं त्या देशात मायले अक्का म्हनतेत.”

“काय बोलले?”

“थांबा नं. लिहून ठेवलं आहे. पुढच्या मंडईत पोराचं काम दुसरा कोनी करन, त्याले बोलनं नाही लागनार काय?” तिनं वहीचं मागचं पान उघडलं. “ते पट्टी त्याईनं मले देली होती खेळ संपल्यावर. म्हनले, तुमच्यापाशी राहू द्या.”

तीन बोटं रुंद कागद. डावीकडं दिनकरच्या अक्षरात ‘मुलगा:’. पुढं बॉलपेननं, मोठ्या, वाकड्या अक्षरात:

‘आहेत नं अक्का. हे काय, बसले आहेत सगडे.’

सवयीनं मी त्या पट्टीचा समास बघितला. बाहेर एक बाई हिरव्या बांगड्यांचा भाव करत होती. पुस्तकलाबाईंनी तिला थांबायला सांगितलं आणि पाण्याचा गिलास माझ्यापुढं सरकवला.

“टाळ्या तेव्हाच वाजल्या,” ती म्हणाली. “खूप वाजल्या. सर हाफपँटवर उभेच.”

बांगड्यांचे पैसे तिनं घेतले नाहीत. तिची नक्कलही मी उतरवून दिली, शेवटच्या उत्तरासकट.

पुन्हा सानगडी

नत्थू मास्तरांनी कापायचं टेबल पुसलं, पांढऱ्या अस्तराचं कापड अंथरलं आणि चौघांच्या पट्ट्या कडा जुळवून लावायला घेतल्या. मी वाक्याचा अर्थ बघून पुढची पट्टी सुचवत होते. ते माझ्याकडं लक्ष न देता फक्त कड बघत होते आणि दर वेळी माझ्या आधी बरोबर ठरत होते. एका जागी मी हट्ट धरला. त्यांनी माझी पट्टी लावून दाखवली. दोन्ही कडांत दोऱ्याएवढी फट राहिली. मी हात मागं घेतला.

मग त्यांनी यंत्रावर सगळं शिवलं. कागदाला सुई लागते तेव्हा कापडापेक्षा कोरडा आवाज होतो. बाप, मुलगा, फ्रेंच मास्तर, आई, मुलगा. शेवटची पट्टी आली तेव्हा ते थांबले.

“अक्का, हे अक्षर सरांचं नाही. आनि ‘सगडे’ लिहलं आहे. हे असंच शिवू?”

“तसंच शिवा.”

“पुस्तकातही असंच?”

“तसंच. मी तळाला एक टीप घालीन. आईची वाक्यं सर्बियातली नाहीत, आणि शेवटचं उत्तर पवनीच्या पुस्तकलाबाईंनी उतरवून ठेवलंय. कुणाला आकडा लागलाच तर.”

मास्तरांनी टाका घातला, दोरा दातानं तोडला आणि कापडाची गुंडाळी करून मला दिली. गुंडाळीला बांधायला त्यांनी सुतळी शोधली, ती मिळेना, मग मापाची जुनी फीत बांधली.

बसपर्यंत ते आले. मोरेश्वरभाऊ धानाच्या कामानं सानगडीत होते, तेही आले, निर्मलाबाईंनी दिलेली चिन्नोरची पिशवी घेऊन. तेवढ्यात मुलाचा फोन आला. कुठं आहेस, एकटीच आहेस का, बस मिळाली का?

“एकटी नाही,” मी म्हणाले. “हे काय, उभे आहेत सगळे.”

गाडी हलल्यावर नत्थू मास्तर खिडकीशी दोन पावलं चालले आणि म्हणाले, “अक्का, फीत परत आना. मापाले लागते मले.”